रुपयामागे एक आणा

लवळे म्हटलं की आता लोकांना टेकडीवरचं सिम्बायोसिस आठवतं, नाहीतर फ्लेम विद्यापीठ. मुळशी तालुक्यातलं हे गाव पुण्याच्या इतकं जवळ सरकलं आहे की सूस, नांदे, पिरंगुट ही शेजारची नावंसुद्धा फ्लॅटच्या जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापली जातात. ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची, बैलगाडीच्या काळातली. गोष्ट ती गोष्टच. हिच्यातली माणसं गावात शोधायला जाऊ नये. दुकानदाराला सगळे तात्या म्हणत, एवढं पुरे. पूर मात्र खरा आहे, आणि नाणी-वजनंही खरी.

तात्या ऐन उमेदीची वर्षं पुण्यात भवानी पेठेत दिवाणजी होते. गुलटेकडीचं मार्केट यार्ड तेव्हा व्हायचं होतं. भुसार मालाचा सगळा घाऊक व्यापार नाना पेठ आणि भवानी पेठ इथंच चाले. गुळाच्या ढेपा, मिरचीचे बोद, साखरेची पोती यांच्यामध्ये बसून तात्यांनी कीर्द लिहिली, खतावणी केली आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घेतली. मालक भाव चढायची वाट पाहत माल दाबून ठेवी, त्या वर्षी त्याला एकरकमी फायदा होई. शेजारचा दुकानदार आलेला माल आठवड्यात काढून टाकी, थोडक्यावर. वर्षाअखेर शेजाऱ्याची शिल्लक जास्त भरे. तात्यांनी मालकाला हे एकदा सांगून पाहिलं. मालक म्हणाला, "दिवाणजी, तुम्ही आकडे लिहा."

वडील गेले तेव्हा तात्या लवळ्याला परत आले आणि घराच्या पडवीत दुकान मांडलं. साल १९५७. त्याच वर्षी १ एप्रिलला नवा पैसा आला होता. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, आणि आण्याचे झाले सव्वासहा. आता पाव पैसा द्यायचा कुठून? सरकारी कोष्टक सांगे, एका आण्याला सहा पैसे घ्या. बाजारात पुष्कळ ठिकाणी एका आण्याच्या पुडीला सात घेतले जात. पाऊण पैशाचा तो फरक. कुणी भांडायलाही जात नसे, कारण भांडणारालाच आपण हलके दिसू असं वाटे. तात्या सहाच घेत. चार पुड्या नेल्या तर पंचवीस.

गावात आधीचं एक दुकान होतं, अण्णांचं. मोठं, माळा असलेलं, दारात ओटा. तिथं सगळं मिळे आणि सगळं वहीवर मिळे. मुळशीची शेती भाताची. पैसा हातात येतो तो दिवाळीनंतर, भात झोडून विकल्यावर. तोवर घर चालतं ते उधारीवर. अण्णा वही उघडत, नाव काढत, लिहीत. भाव विचारायची पद्धत नव्हती. उधार घेणारा भाव विचारत नाही, हे तर कुठल्याही गावात खरं.

तात्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, माल रोखीनं. दुसरी गोष्ट जरा विचित्र होती. प्रत्येक पोत्याच्या तोंडाशी त्यांनी पोरांच्या शाळेतली दगडी पाटी टेकवून ठेवली आणि तिच्यावर खडूनं दोन ओळी लिहिल्या: 'आणली' आणि 'देतो'. आणलीच्या पुढं खरेदी, गाडीभाडं आणि हमाली धरून पडलेला भाव. देतोच्या पुढं त्यावर रुपयामागे एक आणा. ज्यांना वाचता येत नसे त्यांना चौथीतली पोरं वाचून दाखवत, आणि पोरांना हा खेळच झाला होता.

लोकांचा विश्वास बसला असेल असं वाटेल. उलट झालं. जो आपण होऊन खरेदीचा भाव सांगतो तो खोटाच सांगत असणार, असं गावानं ठरवून टाकलं. पहिले दोन महिने पडवीत माश्यांशिवाय कोणी येईना. तात्यांची बायको, तिला आपण काकू म्हणू, रोज संध्याकाळी गल्ल्यात डोकावून बघे आणि काही न बोलता आत जाई. मग गावातला एक चिकट गृहस्थ बैल विकायला पुण्याला गेला, आणि निव्वळ तात्यांचं खोटं पकडायचं म्हणून भवानी पेठेत चार दुकानांत गुळाचा भाव विचारून आला. परत येऊन पारावर बसला आणि म्हणाला, "दोन पैसे इकडं-तिकडं. पण तात्या खरं लिवतोय." पोलिसांनी पंचनामा करावा तशा थाटात त्यानं हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक लागलं.

तात्यांचं तोलणं बघण्यासारखं होतं. आधी रिकामी तागडी उचलून काटा मध्ये उभा राहतो का ते बघायचं. गिऱ्हाइकानं डबा आणला असेल तर पलीकडच्या पारड्यात खडे टाकून त्याचा धडा करायचा. पुडीचा कागद जाड असेल तर तसाच कागद वजनाच्या बाजूलाही ठेवायचा. पावसाळ्यात मिठाचा घोळ असतो. खडेमीठ दमट हवेत पाणी धरतं आणि जड होतं. पाणीच मिठाच्या भावानं विकायचं असेल तर पावसाळा हा मिठाच्या व्यापाऱ्याचा सुगीचा काळ. तात्यांनी मिठाचं पोतं दोन आडव्या लाकडांवर उंच ठेवलं होतं, खाली घमेलं. रात्रभर पाणी निथळे. सकाळी घमेलं उचलून ते परसात ओतून येत, आणि त्या पाण्याचे पैसे कोणाकडून घ्यायचे हा प्रश्न काकू रोज विचारत. गूळ पाघळून घटे, तोही तोटा त्यांचाच.

मग किलो आला. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायला लागली आणि पुढची तीन-चार वर्षं शेर आणि किलो एकाच ओट्यावर नांदले. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे नऊशे तेहतीस ग्रॅम. किलोचा भाव सांगायचा आणि सवयीनं शेराचं वजन टाकायचं, एवढी 'नजरचूक' केली की प्रत्येक पंधरा भागांतला एक भाग दुकानात राहतो. तात्यांच्या अख्ख्या नफ्याहून ही नजरचूक मोठी होती. त्यांनी षटकोनी लोखंडी वजनं सरकारी छाप मारून आणली त्या दिवशी जुने शेर-अच्छेर पोत्यात भरून माळ्यावर टाकले, भाच्याचा हात चुकून पडू नये म्हणून. भाचा त्यांच्याकडे शिकायला राहिला होता. त्याला हे सगळं अती वाटे.

तो एकदा म्हणालाही, "मामा, अण्णा रुपयामागं तीन आणे घेतात. आपण दोन घेतले तरी लोक आपल्याकडंच येतील."

तात्यांनी त्याला पाटी-खडू दिला. "लिही. शंभराचा माल. आपली गाडी आठवड्याला जाते, माल आठवड्यात संपतो. रुपयाला आणा म्हणजे किती?"

"सव्वासहा रुपये."

"महिन्याला चार गाड्या."

"पंचवीस."

"आता अण्णांचं लिही. रुपयाला तीन आणे म्हणजे शंभराला पावणेएकोणीस. पण पैसे कधी येणार? दिवाळीला. तोवर त्यांचं मुद्दल लोकांच्या पोटात. आणि काहीजण दिवाळीला येतच नाहीत."

भाचा पाटीकडं बघत राहिला. "मग अण्णा तीन आणे लावतात ते..."

"बुडवणाऱ्यांचे. उरलेल्यांकडून घेतात. अण्णा लबाड नाहीत रे. वही लबाड आहे."

इथं एक आडवाट घेतो. इंग्लंडात रॉचडेल नावाचं गिरण्यांचं गाव आहे. तिथं १८४४ च्या डिसेंबरात विणकर आणि त्यांच्यासारख्याच अठ्ठावीस माणसांनी पैसे जमवून एक छोटं दुकान काढलं: पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ, जवळपास एवढाच माल. नियम असे की भेसळ नाही, माप पुरं, आणि विक्री रोखीनं. आधीची तशी दुकानं उधारीनं बुडाली होती हे त्यांनी पाहिलेलं होतं. जगभरच्या सहकारी भांडारांची वंशावळ त्या दुकानापर्यंत नेतात. तात्यांना रॉचडेल ठाऊक असायचं कारण नव्हतं. गरिबाला उधार देणारा दयाळू आणि रोख मागणारा कठोर, ही समजूत दोन्हीकडं सारखीच होती, आणि दोन्हीकडं ती गरिबालाच महाग पडत होती.

पण कठोरपणाचं काय? ते तात्यांना चुकलं नाही. पहिल्याच आषाढात वाडीवरची एक म्हातारी आली, पदरात काहीतरी बांधून. "तात्या, मीठ, काडेपेटी आन् तेल पायजे. पैसं न्हाईत. दिवाळीला दीन."

"आजी, मी लिहून ठेवत नाही."

"माजं कोन बुडवतंय?"

"तुमचं कुणीच नाही बुडवणार. पण तुमचं लिहिलं की उद्या शेजारचा येणार, त्याचं नाही म्हणता यायचं नाही. मग मला तीन आणे लावावे लागतील, तुम्हालासुद्धा."

म्हातारीला हिशेब कळला की नाही कोण जाणे. ती उठायला लागली. तात्यांनी विचारलं, "पदरात काय आहे?"

"तांदूळ. सोयऱ्याकडं निगालीय, त्यास्नी द्याया."

"किती?"

"असंल अधोलीभर."

"द्यायचा आहे का?"

तात्यांनी आंबेमोहराची ती अधोली तोलली, पुण्याच्या बाजारात जो भाव होता तो धरला, गाडीभाडं आणि आपला आणा वजा केला आणि उरलेल्या पैशांचं मीठ, तेल, काडेपेटी देऊन वर आठ पैसे हातात ठेवले. म्हातारी पैशांकडं बघत म्हणाली, "ह्ये कशाचं?" तांदळाच्या बदल्यात पैसे परत मिळतात हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. सोयऱ्याकडं मात्र ती त्या दिवशी रिकाम्या हातानं गेली असणार. गोष्टीत हे सांगत नाहीत, पण मला ते लक्षात राहतं.

तात्यांना त्या रात्री झोप लागली नाही. रोखीचा नियम चांगला, पण आषाढात रोकड कोणाकडं असते? दिवाळीत पोती भरून भात, आषाढात मडकी पालथी. पैसा आणि गरज यांची गाठच पडत नव्हती. आणि मग त्यांना सुचलं की वही बंद करायची गरज नाही, उलटी करायची. आधी माल नेऊन मग पैसे देण्याऐवजी, दिवाळीत द्यायचं आणि आषाढात न्यायचं.

त्या दिवाळीला त्यांनी पारावर सांगितलं: ज्याला जमेल त्यानं अर्धं पोतं, पायली, जे असेल ते आणून द्यावं. पुण्याच्या भावानं विकून पैसे त्याच्या नावावर जमा. पावसाळ्यात येऊन माल न्यावा, त्या दिवशीच्या पाटीवरच्या भावानं. लिहिलेलं कधीही येऊन बघावं. पहिल्या वर्षी पाच घरं आली, त्यातली एक म्हातारीचं. तिसऱ्या वर्षी गावातली निम्मी घरं.

पारावरच कोणीतरी थट्टा केली, "तात्या, तुकोबानं खतं इंद्रायणीत बुडवली. तुमी तर उलटं लोकांचंच पैसं घिऊन बसलाय!" देहू काही फार लांब नाही, आणि तुकोबांच्या दुकानाची कथा या भागात प्रत्येकाला येते: आलं-गेलं बघितलं नाही, धंदा बुडाला, आणि शेवटी घरातल्या कर्जखतांतला आपला वाटा त्यांनी नदीत सोडला. तात्या म्हणाले, "लिहिलेलं खत बुडवायला तुकोबाच पाहिजे. माझ्यानं व्हायचं नाही. म्हणून मी लिहीतच नाही."

हे हसण्यावारी गेलं. पण उलट्या वहीतली खरी गोम कोणाच्या लक्षात आली नव्हती, बहुधा तात्यांच्याही नाही. उधारीच्या वहीत सगळा गाव दुकानदाराचा देणेकरी असतो. उलट्या वहीत दुकानदार सगळ्या गावाचा देणेकरी होतो. हे कळायला १९६१ साल उजाडावं लागलं.

१२ जुलै १९६१, बुधवार. आठ दिवस पाऊस उघडला नव्हता. लवळ्यात भातलावणी चाललेली, माणसं गुडघाभर चिखलात. त्या सकाळी बांधकाम पुरं व्हायच्या आतच पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्यानं खडकवासला फोडलं, आणि मुठेनं पुण्याच्या पेठा पोटात घेतल्या. लकडी पूल पाण्याखाली गेला. लवळ्याची नदी मुळा. ती मुळशीकडून येते, त्यामुळं गावाला त्या पाण्याचा स्पर्शही झाला नाही. बातमी आली ती तात्यांच्याच गाडीवानाबरोबर. तो सूसची खिंड उतरून पाषाणावरून निघाला होता, त्याला गणेशखिंडीपलीकडं कोणी जाऊ देईना. परत आला तेव्हा रिकामी पोती जशीच्या तशी गाडीत होती. तो एवढंच म्हणाला, "पुनं बुडालं."

शहरात वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं. लवळ्यात तर वीज नव्हतीच, पण रॉकेल, काडेपेट्या, मीठ हे सगळं यायचं ते पुण्याहूनच. दोन दिवसांत गावाला उमगलं की आता आहे तेवढंच आहे. अण्णांनी रॉकेल दीडपट केलं. त्यांच्याकडं थोडंच होतं आणि पुढचं कधी येणार ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या जागी बसून बघितलं तर ते वेड्यासारखं नव्हतं. तात्यांकडं नऊ डबे रॉकेल होतं, लावणीच्या दिवसांत रस्ता बिघडतो म्हणून आधी आणून ठेवलेलं. पाटीवर जुनाच भाव.

शनिवारी एक ट्रक आला. पिरंगुटच्या बाजूनं चिखल तुडवत आलेला, वर एक माणूस, ओल्या धोतराचा, पण खिसा कोरडा. त्यानं दुकानात येऊन पाटी वाचली आणि हसला. "शेठ, हा भाव परवाचा आहे. शहरात अंधार आहे. सगळे डबे देताय? दुप्पट."

भाच्याचा श्वास अडकला. नऊ डब्यांचे दुप्पट म्हणजे सहा महिन्यांची कमाई एका दुपारी, तीही रोख. रोखच तर नियम होता!

तात्यांनी विचारलं, "तुम्ही शहरात कितीला देणार?"

"ते तुम्ही कशाला विचारता?"

"माझ्या पाटीवर असतं म्हणून विचारलं."

माणूस जरा चिडला. "तिकडं लोक अंधारात बसलेत, आणि तुम्ही इथं डबे धरून बसताय. यात पुण्य आहे होय?"

हा घाव बरोबर बसला. तात्या काही वेळ गप्प राहिले. मग उठले, आतून उलटी वही आणली आणि पानं चाळायला लागले. कुणाचे चार रुपये शिल्लक, कुणाचे अकरा, वाडीवरच्या आजींचे दोन रुपये तीस पैसे. त्यांनी बेरीज केली. पुन्हा केली. "नऊ डबे माझे नाहीत," ते म्हणाले. "सात या वहीतल्यांचे आहेत. त्यांनी दिवाळीतच पैसे दिलेत. त्यांचा माल मी कसा विकू?"

"आणि उरलेले दोन?"

"एक गावाच्या रोजच्या गिऱ्हाइकाला. एक पाठवतो शहरात, पण तुमच्या गाडीतून नाही." त्या संध्याकाळी गावातून भाकऱ्यांची गाठोडी निघाली होती, पूरग्रस्तांसाठी. आसपासच्या खेड्यांतून तेव्हा अशा भाकऱ्या जात होत्या. नववा डबा त्याच गाडीवर चढला, आणि त्याची नोंद तात्यांनी 'देतो'च्या रकान्यात शून्य लिहून केली. काकूंनी शून्य बघितलं. या वेळी मात्र काही बोलल्या नाहीत.

साध्या बोधकथेत इथं आकाशातून फुलं पडली असती. झालं ते असं. पाटीवर जुना भाव आहे हे सूस-नांद्यापर्यंत पोचलं आणि रविवारी दुकानापुढं रांग लागली. भाच्याच्या लक्षात आलं की एकच मुलगा तीनदा बाटली घेऊन आला, तिन्ही वेळा वेगळ्या घराचं नाव सांगून. त्याचा बाप रस्त्याच्या कडेला तेच रॉकेल दुपटीनं विकत होता. स्वस्त ठेवलेला माल गरजवंताच्या आधी हुशार माणसाच्या हाती पडतो. चांगुलपणाच्या गोष्टी सांगणारे ही बाजू नेहमी गाळतात. तात्या संतापले, भाच्यावर नाही, स्वतःवर. दुपारपासून नियम बदलला: चुलीमागं एक बाटली, आणि मोजायला भाच्याऐवजी वाडीवरच्या आजी. आजींना गावातली प्रत्येक चूल ठाऊक होती. कुणाच्या घरात किती जावा वेगळ्या झाल्यात आणि कुणाच्या फक्त बोलायच्या बंद झाल्यात, हेसुद्धा. रांग निम्मी झाली.

पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा जायला लागली. माल आला तो महाग. तात्यांनी पाटी पुसली, 'आणली'पुढं नवा भाव लिहिला, 'देतो'पुढं त्यावर आणा. आणि ज्यांनी पुरात जुन्या भावानं रॉकेल नेलं होतं त्यातलेच चारजण पाटी वाचून म्हणाले, "आलं का नाही शेवटी वळणावर!" खरेदी वाढली हे समोर लिहिलेलं होतं, तरी ते मनात शिरेना. त्यातले दोघं अण्णांकडं गेले. तिथं वहीवर मिळत होतं, भाव कळतच नव्हता, त्यामुळं वाढल्याचं दुःखही नव्हतं. तात्यांचं मुद्दलही आखडलं. जुन्या भावाच्या विक्रीत आठ डब्यांचे जे पैसे आले त्यात नवे सहाच डबे बसले. भाच्यानं हे आपण होऊन पाटीवर मांडून दाखवलं. तात्या म्हणाले, "बरोबर आहे." बस, तेवढंच.

आजकाल प्रत्येक पुड्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, सर्व करांसहित. कायदा तिला कमाल म्हणतो, आपण तिलाच किंमत समजतो, आणि तिच्यावर 'वीस टक्के सूट' वाचून खूश होतो. 'आणली'ची ओळ त्या पुड्यावर कुठंच नसते. तात्यांच्या काळीही ती दुसऱ्या कुठल्या दुकानात नव्हती. माझ्या मते त्यांचा खरा धाडसी नियम रोखीचा नव्हताच. तो हा होता. रोख तर कोणीही मागेल.

श्रावण लागला. एका रात्री जेवणं झाल्यावर मागच्या दारानं अण्णा आले. पुढच्या दारानं येणं त्यांना शक्य नव्हतं. पुण्यातल्या त्यांच्या घाऊक व्यापाऱ्याचं गोदाम पुरात भिजलं होतं. त्याला आता सगळी येणी हवी होती, आठ दिवसांत, नाहीतर पुढचा माल बंद. अण्णांच्या वहीत तेवीसशे रुपये होते. गल्ल्यात तेवीसही नव्हते.

"चारशे द्या," अण्णा म्हणाले. "दिवाळीला फेडतो. लिहून देतो."

काकू दारातून बघत होत्या. भाच्यानं दिवा जरा मोठा केला.

तात्या म्हणाले, "अण्णा, मी लिहून ठेवत नाही."

अण्णांचा चेहरा पडला. "मलासुद्धा?"

"आजींना नाही म्हटलं, तुम्हाला हो म्हणू?"

अण्णा उठले. तात्यांनी त्यांचा हात धरला. "बसा. तुमच्या माळ्यावर काय पडून आहे?"

"माळ्यावर?" अण्णांना कळेना. "दोर आहेत काथ्याचे. बारदान. विळे. बादल्या. सगळं सुगीचं सामान, आत्ता कोण घेतंय?"

"मी घेतो. रोखीनं. दिवाळीत लागणारच आहे."

"पैसे?" हे काकूंकडून आलं. पडवीची कौलं बदलायला बाजूला ठेवलेली रक्कम त्यांच्या ताब्यात होती. तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं. काकूंनी वर बघितलं, जिथून त्या वेळीही टप टप पाणी गळत होतं. "एक पावसाळा आणखी घमेलं ठेवू," त्या म्हणाल्या आणि डबा आणायला आत गेल्या.

भाचा कागद-पेन्सिल घेऊन बसला. तात्यांनी विचारलं, "बादली?"

"तीन रुपये."

"देता ती नको. आणली कितीला?"

अण्णा गप्प. तीस वर्षं दुकान चालवलं, पण हा प्रश्न त्यांना समोरासमोर कोणी विचारला नव्हता. खोटं सांगून भागणार नव्हतं. भवानी पेठेतला दिवाणजी समोर होता. पण मला वाटतं, ते तेवढ्यासाठी थांबले नव्हते. खरेदीचा भाव तोंडानं सांगायचा म्हणजे दुकानाचा आतला दरवाजा उघडायचा.

"सव्वादोन," ते शेवटी म्हणाले.

"हमाली धरली?"

"न्हाई."

"धरा. गाडीभाडं?"

"पडलं असंल आणाभर."

"धरा. आणि वर रुपयामागं आणा."

"अहो, अडलोय मी. तुमच्याकडनं नफा कसा घेऊ?"

"मग खाणार काय?" तात्या म्हणाले. "आणि व्यापाऱ्याचे चारशे भागवून परवा दुकान उघडणार कशावर? लिही रे."

भाच्यानं लिहिलं. अण्णांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, मनाशी काहीतरी पुटपुटले आणि पुढची वस्तू काढली. विळ्यांच्या भावात हमाली त्यांनी आपण होऊन धरली, गाडीभाडंही. आणा लावताना मात्र एकदा तात्यांकडं बघून घेतलं.